‘रेडिओ गेला’ म्हणण्यापूर्वी

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

मॉडेल विमाने उडवणाऱ्यांच्या मैदानावर एखादे विमान कोसळले की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘रेडिओ गेला!’ उडवणारा हातातला ट्रान्समीटर सगळ्यांना दाखवतो, भोवतालचे माना डोलावतात, कोणी दूरच्या मोबाइल मनोऱ्याकडे बोट दाखवतो. पण नंतर अवशेष गोळा करून शांतपणे एकेक तार तपासत गेले, तर बरेचदा वेगळेच सापडते. कुठे डाख तुटलेला असतो, कुठे स्विचच्या पिना काळ्या पडलेल्या असतात, कुठे पंखातल्या तारेचा जोड निसटलेला असतो. आता आपटल्यामुळेही जोड सुटतात, त्यामुळे सुटलेला प्रत्येक जोड गुन्हेगार ठरवता येत नाही. तरीही ज्यांनी हा छंद वर्षानुवर्षे केला आहे ते सांगतील, की हवेतल्या लहरींपेक्षा पोटातल्या तारांनीच त्यांना अधिक वेळा दगा दिला आहे.

दुरून यंत्र चालवण्याची ही विद्या शंभर वर्षांहून जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात रेडिओने चालणारी छोटी नाव लोकांना दाखवली होती. विमानाचा मान अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांकडे जातो. त्यांचे ‘गफ’ नावाचे विमान १९३७ साली उडाले आणि आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्या काळी निर्वात नळ्यांचा रिसीव्हर आणि जड बॅटऱ्या विमानात बसवणे हीच मोठी कसरत होती. आज रिसीव्हर काडेपेटीपेक्षा लहान झाला आहे आणि शाळकरी मुलाच्या हातात येईल इतका स्वस्त. रेडिओ सुधारला. तारेचे टोक मात्र तिथेच राहिले, जिथे ते गुड बंधूंच्या वेळी होते : एक धातू दुसऱ्या धातूला टेकलेला.

हे टेकणे किती ठिकाणी असते, ते मोजून पाहू. विजेवर उडणारे नवशिक्याचे साधे विमान घ्या. शेपटीवरच्या आडव्या आणि उभ्या पट्ट्या हलवायला एकेक सर्वो, दोन्ही पंखांच्या पट्ट्यांना एकेक. सर्वो म्हणजे हुकूम मिळेल तितकाच फिरणारा छोटा मोटर-गिअरचा डबा. पंखातले दोन सर्वो इंग्रजी ‘वाय’च्या आकाराच्या तारेने एकत्र येतात. रिसीव्हरमध्ये चार प्लग जातात : आडव्या पट्टीचा, उभ्या पट्टीचा, पंखांचा आणि मोटरचा वेग ठरवणाऱ्या स्पीड कंट्रोलरचा. पंखातले दोन जोड धरून झाले सहा. प्रत्येकात तीन पिना, म्हणजे अठरा. बॅटरीचे दोन, मोटरचे तीन. असे तेवीस ठिकाणी धातू धातूला नुसता दाबून बसवलेला असतो. डाख दिलेले सांधे वेगळेच. यातल्या बहुतेक जागा अशा, की एक जरी सुटली तर विमान निम्मे किंवा पूर्ण आंधळे होते.

सर्वोचा तीन तारांचा प्लग हा एक चांगला विचार केलेला जिन्नस आहे. एक तार काळी किंवा तपकिरी, ती ऋण. मधली लाल, ती धन. तिसरी पांढरी, पिवळी किंवा नारिंगी, तिच्यातून हुकूम येतो : सेकंदाला साधारण पन्नास वेळा येणारा विजेचा छोटासा ठोका. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला की सर्वो मधोमध, एककडे सरकला की एका बाजूला, दोनकडे सरकला की दुसऱ्या बाजूला. लाल तार मध्ये ठेवण्यात शहाणपण आहे. घाईत प्लग उलटा बसला तरी धन जागच्या जागी राहतो, सर्वो नुसता हलत नाही, सहसा जळत नाही. जुन्या काही संचांत लाल तार कडेला असे. तेव्हा हीच चूक महाग पडायची.

पण या प्लगची एक उणीव आहे. तो कशानेच अडकत नाही. घरातल्या टेलिफोनच्या प्लगला निदान एक खिट्टी असते, ती ‘टक्’ करून बसते. सर्वोचा प्लग केवळ घर्षणावर टिकून राहतो. पिनांमधले अंतर अडीच मिलिमीटर, आत एक इवलीशी स्प्रिंगची पट्टी, तिच्या दाबावर सगळा भरवसा. टेबलावर तो घट्ट वाटतो. विमान म्हणजे टेबल नव्हे.

इंजिनाचे विमान असेल तर ते मिनिटाला दहा हजार फेरे घेते. म्हणजे सेकंदाला सुमारे १६६ धक्के, आणि दहा मिनिटांच्या एका उड्डाणात एक लाख. विजेची मोटर त्या मानाने सौम्य, पण पंखा जरासा असमतोल असला की तीही तारांना थरथरत ठेवते. या थरथरीने प्लग एकदम निसटेल असे नाही. त्याआधी एक गुपचूप गोष्ट घडते. पिन आणि पट्टी एकमेकींवर केसाच्या काही अंशाइतक्या घासत राहतात. कथिलाचा मुलामा असेल तर प्रत्येक घासण्याने ताजा धातू उघडा पडतो, हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून त्याचा ऑक्साइड होतो, आणि त्याची काळपट भुकटी दोघींच्या मध्ये साचते. वीज जायची वाट अरुंद होत जाते. मोटारगाड्यांच्या वायरिंगमध्ये अभियंते या रोगाशी दीर्घकाळ झगडत आले आहेत. सोन्याचा पातळ मुलामा असलेल्या पिना यावर चांगला उपाय, कारण सोने गंजत नाही. मात्र दोन्ही बाजू सोन्याच्या हव्यात. एक सोन्याची आणि एक कथिलाची, हे लग्न टिकत नाही.

वाट अरुंद झाल्याने काय बिघडते, याचा हिशेब सोपा आहे. चार सेलची रिसीव्हर बॅटरी ४.८ व्होल्टची. उड्डाण होत होत ती ४.४ वर आली आहे असे समजा. विमान वळणावर आहे, सगळे सर्वो एकदम जोर लावताहेत आणि क्षणभर तीन अँपिअर प्रवाह ओढताहेत. स्विचच्या खराब जोडाचा अवरोध ०.३ ओम असेल, तर तेवढ्यात ०.९ व्होल्ट जागच्या जागी गडप होतात. रिसीव्हरला उरतात साडेतीन. पूर्वीचा रिसीव्हर अशा वेळी थोडा चाचरायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. आताचा २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर म्हणजे छोटा संगणकच. दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की तो बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, आपला ट्रान्समीटर शोधतो. विमान जमिनीपासून वीस मीटरवर असेल तर एवढा वेळ त्याच्याकडे नसतो. आणि गंमत अशी, की अवशेषांतून उचलल्यावर सगळे पुन्हा व्यवस्थित हलते. मग साहजिकच म्हटले जाते, रेडिओ गेला!

बॅटरीकडच्या जाड तारांत दुखणे निराळे, तिथे उष्णता मारते. मोटर तीस अँपिअर ओढत असताना जोडात फक्त शंभरांश ओमचा अवरोध असला, तरी तिथे नऊ वॅट उष्णता तयार होते. नऊ वॅट म्हणजे घरात सर्रास वापरतात त्या एलईडी दिव्याची ताकद, पण सगळी उष्णतेत आणि नखाएवढ्या जागेत. प्लास्टिक मऊ होते, पिन तिरकी सरकते, स्प्रिंगचा ताण जातो, अवरोध आणखी वाढतो. हे चक्र सुरू झाले की फार दिवस लागत नाहीत. म्हणून उड्डाण संपल्यावर बॅटरीचा कनेक्टर बोटाने चाचपून पाहावा. कोमट असेल तर चालेल. चटका बसला तर तो कनेक्टर कापून टाकावा, साफसूफ करून पुन्हा वापरू नये.

आता बांधाबांध. इथे थोडे रेंगाळू, कारण खरी कला इथेच आहे.

पहिला नियम असा, की तारेने वीज वाहावी, ओझे वाहू नये. तार ताणलेली असेल तर प्रत्येक धक्का थेट जोडावर येतो. पतंगाला देतो तशी तिला थोडी ढील द्यावी, आणि जोडापासून बोटभर अंतरावर ती विमानाच्या सांगाड्याला बांधावी. म्हणजे ताण बांधलेल्या जागेवर येतो, जोड निवांत राहतो. ढीलही बेताची हवी. नाहीतर तार लोंबकळते आणि सर्वोच्या हलत्या दांडीत अडकते, जे सुटलेल्या तारेहून वाईट. भोकातून तार नेताना कडेला रबरी ग्रोमेट बसवावे. कार्बन फायबरच्या पत्र्याबाबत तर हे विसरूच नये. तो लाकडासारखा निरुपद्रवी दिसतो, पण त्यातून वीज वाहते. तारेचे आवरण त्याच्या धारेवर घासून फाटले की शॉर्ट सर्किट ठरलेले.

दुसरे, सर्वोच्या दोन प्लगांचा जोड. पंखाच्या आत कायमचा बंद होणारा जोड असेल, तर त्यावर हीट श्रिंकची नळी चढवून गरम करावी. नळी आक्रसते आणि दोन्ही प्लग घट्ट धरते. नळी आधी तारेत ओवून ठेवायची असते, हे जगातले सगळे मॉडेलवाले एकदा तरी विसरतात. ती तापवायला काडी किंवा लायटर नको, आवरण जळते. हॉट एअर गन नसेल तर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नची दांडी जवळून फिरवली तरी काम होते. दर रविवारी पंख काढायचा-लावायचा असेल, तर त्या जोडाला प्लास्टिकची छोटी क्लिप मिळते ती लावावी. तीही नसेल तर चांभार वापरतो तो मेण लावलेला दोरा. दोन्ही प्लगांच्या मागून दोन वेढे आणि एक गाठ, बस्स. मेणामुळे गाठ सरकत नाही, आणि कापायला क्षण लागतो. हा जुगाड आहे असे कोणी समजू नये. दोऱ्याने तारा बांधण्याची रीत खऱ्या विमानांत आणि टेलिफोन एक्स्चेंजांत पूर्वापार आहे, आणि ‘नासा’च्या मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीच्या छायाचित्रांतही अशा गाठी ओळीने दिसतात.

काळ्या इन्शुलेशन टेपबद्दल माझे मत चांगले नाही. घरातल्या गणपतीच्या माळांना ती ठीक. मे महिन्यात बंद मोटारीच्या डिकीत विमान दोन तास ठेवा, टेपचा गोंद पातळ होऊन ती सरकलेली दिसेल. ग्लो इंजिनाच्या इंधनातले तेल लागले तर तेवढाही वेळ लागत नाही. ग्लू गनच्या गोंदाचेही उन्हात तसेच, मात्र रिसीव्हरमध्ये बसवलेल्या प्लगांच्या डोक्यावर त्याचा एखादा थेंब उपयोगी पडतो आणि हवा तेव्हा सोलून निघतो. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद मात्र प्लगच्या आसपासही आणू नये. तो पाण्यासारखा पातळ असतो, फटीतून आत शिरतो आणि जिथे धातूला धातू टेकायला हवा नेमका तिथे जाऊन सुकतो. जोड मग कधीच सुटत नाही, आणि वीजही जात नाही.

डाखाविषयी एक गैरसमज आहे, की जितके जास्त शिसे-कथिल ओतावे तितका सांधा मजबूत. लवचिक तारेत अनेक बारीक धागे असतात म्हणून ती वाकते. डाख देताना वितळलेला धातू या धाग्यांतून वातीत तेल चढावे तसा वर चढतो. जिथवर चढला तिथवर तार काडीसारखी ताठ होते, आणि ताठ भाग जिथे संपतो तिथे वाकून वाकून ती तुटते. डाख शाबूत आणि तार शेजारी तुटलेली, असे दिसले की कारण हे. म्हणून डाख बेताचा द्यावा आणि त्याच्यापुढे तारेवर निदान सेंटिमीटरभर जाईल अशी हीट श्रिंक चढवावी, म्हणजे वाकण्याचा झटका वाटला जातो. सांधा थंड होताना हलला तर वरून खरबरीत, निस्तेज दिसतो. तो पुन्हा तापवावा. पत्र्याच्या कामातला आम्लाचा फ्लक्स वापरू नये, तो तारेला आतून खात राहतो. राळेचा फ्लक्स हवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत तो सहज मिळतो. एक्सटी-६० जातीच्या पिवळ्या कनेक्टरला डाख देताना त्याचा जोडीदार आत घालून ठेवावा. तापलेल्या प्लास्टिकमध्ये पिन मग तिरकी होत नाही. बॅटरीच्या बाजूला नेहमी झाकलेल्या पिनांचा भाग लावावा, कारण वीज त्याच बाजूला सदैव जिवंत असते.

सर्वोच्या पिना मात्र दाबून, म्हणजे क्रिंप करूनच बसवाव्यात, आणि त्यासाठीचा वेगळा पक्कड घ्यावा. त्या पिनेला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी तांब्याच्या धाग्यांना धरते, मागची आवरणाला. मागची जोडी काहीच करत नाही असे वाटते. प्रत्यक्षात वाकण्याचा सगळा त्रास तीच सोसते. घरातल्या साध्या पकडीने चेपले तर ती बहुधा मोकळीच राहते.

एक छोटी युक्ती जाणते लोक करतात. रिसीव्हरमध्ये पंखाचा प्लग थेट न लावता वीतभर लांबीची जोडतार कायमची बसवून ठेवतात, आणि दर वेळी काढ-घाल तिच्या दुसऱ्या टोकाला करतात. झीज होते ती थोड्या रुपयांच्या तारेची, रिसीव्हरची नव्हे. दर वर्षी ती तार बदलायची.

हे सगळे एका खेळण्यासाठी, असे कोणाला वाटेल. दोन किलोचे विमान ताशी ऐंशी किलोमीटरने येत असेल तर त्याच्यात किती जोर असतो? पन्नास किलोचे सिमेंटचे पोते एक मीटर उंचीवरून पडावे, तितका. पुढे वर फिरता पंखा. एनसीसीच्या हवाई विभागात, अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या स्पर्धांत मुले अशी विमाने उडवतात, आणि कडेला त्यांचे मित्र, आईवडील उभे असतात. सर्वोला वीज मिळेनाशी झाली की तो सैल पडतो, पट्टी वाऱ्यावर फडफडू लागते, आणि विमान कोणाकडे वळेल ते मग कोणाच्याच हातात नसते.

आणि सैल तार विमानाचा आकार पाहून वागत नाही. २६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेत बाल्टिमोर बंदरातून निघालेले ‘डाली’ हे सुमारे ३०० मीटर लांबीचे मालवाहू जहाज पुलावर आदळले. पूल कोसळला, त्यावर काम करणारे सहा मजूर मरण पावले. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर केला : विजेच्या पॅनेलमधली एक सिग्नलची तार तिच्या खाचेत पुरती बसलेली नव्हती. तारेवर नाव लिहिण्यासाठी जी पट्टी चढवतात, ती पट्टी आड आली होती. तार ओळखता यावी म्हणून लावलेल्या लेबलाने तारेलाच पूर्ण आत जाऊ दिले नाही. जहाजावरची वीज गेली, सुकाणू गेले. आपल्या प्लगवर ‘डावा पंख’, ‘उजवा पंख’ असे लेबल लावताना हे लक्षात असू द्यावे. लेबल प्लगच्या मागे, तारेवर.

उलट टोकाचे उदाहरण मेनार्ड हिल यांचे. हे अमेरिकन गृहस्थ सत्याहत्तर वर्षांचे होते, दृष्टी जवळजवळ गेलेली, ऐकू कमी येत असे. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी बनवलेले, इंधनासह पाच किलोच्या आत बसणारे बाल्सा लाकडाचे विमान ९ ऑगस्ट २००३ रोजी कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरून सुटले आणि ३८ तास ५२ मिनिटांनी आयर्लंडमध्ये उतरले. तीन हजार किलोमीटरांहून थोडे अधिक. अल्कॉक आणि ब्राउन १९१९ साली अटलांटिक ओलांडून उतरले तोच परिसर. मधला प्रवास विमानाने स्वयंचलित यंत्रणेवर केला. आधीचे प्रयत्न फसले होते. पण या खेपेला जवळजवळ एकोणचाळीस तास इंजिनाच्या थरथरीत एकही महत्त्वाचा जोड सुटला नाही. तारा कशा बांधाव्यात याचा धडा मागायचा तर अशा माणसांकडे मागावा.

उड्डाणापूर्वीची तपासणी पाच मिनिटांची असते. विजेच्या मोटरचा पंखा आधी काढावा. मग रेडिओ सुरू करून प्रत्येक जोड बोटाने हलवावा आणि त्याच वेळी सर्वोकडे पाहावे. एखादा सर्वो दचकला तर तो जोड संशयित. प्रत्येक तार हलकेच ओढून पाहावी, हलकेच म्हणजे चहाचा कप उचलतो तेवढ्या जोराने. सगळ्या काठ्या एकदम फिरवून बॅटरीचा दाब किती खाली येतो ते मीटरवर पाहावे. विसावलेल्या बॅटरीचा आकडा काहीच सांगत नाही. शेवटी ट्रान्समीटर कमी ताकदीच्या चाचणीवर ठेवून तीसेक पावले दूर जावे आणि पट्ट्या बिनचूक हलतात का ते दुसऱ्याला बघायला सांगावे. इंजिन असेल तर ते चालू ठेवून, कोणीतरी विमान पक्के धरून, हीच चाचणी पुन्हा. थरथरीत दिसणारा दोष स्तब्ध विमानात दिसत नाही.

आपल्याकडे अजून एक शत्रू आहे, तो म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर विमाने माळ्यावर जातात. कोकणपट्टीत तर खारी हवा पितळी पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढवते. रिसीव्हरची निकेलची बॅटरी जोडलेलीच राहिली, तर तिच्या ऋण टोकाकडून काळी तार आतल्या आत काळवंडत जाते. वरून आवरण तुकतुकीत, आत तांबे कोळशासारखे. अशा तारेवर डाख धरत नाही, आणि ती नुसती पुसून चालत नाही. ऑक्टोबरमध्ये विमान खाली काढले की स्विचजवळ त्या तारेचे आवरण जरासे सोलून पाहावे. तांबे लालसर चमकले तर ठीक. काळे दिसले तर ती तार स्विचसकट, बॅटरीपर्यंत, सगळी बदलावी. आणि तेवढ्यात उंदरांनी पंखातल्या तारा कुरतडल्या आहेत का, तेही बॅटरी लावण्याआधी पाहून घ्यावे.